बंदूक आणि दफ्तर : युद्धकाळातील नाशिक आणि आमचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी नाशकात एका संस्थेने महायुद्धे आणि नाशिक या विषयावर चित्रांचे प्रदर्शन भरवले होते. आमच्या महाविद्यालयातील इतिहासाची तीस-पस्तीस मुले घेऊन मी ते पाहायला गेलो. फलक मेहनतीने केलेले होते. देवळालीच्या बराकी होत्या, तोफा होत्या, लष्करी शाळेतील कवायतीचे फोटो होते. शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव, ज्यांना १९४५ साली इटलीतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचे चित्र मोठे करून लावले होते. बाहेर पडताना सिन्नरकडची एक मुलगी मला म्हणाली, "सर, ह्यात आपलं कुणीच नव्हतं का?"

मी घाईघाईने तिला कोरेगावचा स्तंभ सांगितला. १ जानेवारी १८१८, स्तंभावरची 'नाक' प्रत्ययाची बावीस नावे, १९२७ साली बाबासाहेबांनी तेथे दिलेली भेट. आपल्यापैकी कुणीही हेच सांगितले असते. पण रात्री मला त्या उत्तराची लाज वाटली. मुलगी नाशिकबद्दल विचारत होती आणि मी भीमेच्या काठावर जाऊन उभा राहिलो. कोरेगाव हे आपले खणखणीत नाणे आहे यात शंका नाही. पण प्रत्येक प्रश्नाला तेच एक नाणे पुढे करायची सवय लागली की खिशात दुसरे काय आहे ते तपासायचेच राहून जाते. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आरंभ देवळालीपासून केला पाहिजे. मुंबईच्या बंदरात उतरलेले गोरे सैनिक घाट चढून देवळालीच्या छावणीत येत आणि परत विलायतेला जाणारेही बोटीची वाट पाहत तेथेच थांबत. बोटी ठरावीक मोसमातच सुटत, त्यामुळे मुक्काम महिनोन्महिने लांबे. या रिकामपणात आणि उन्हाळ्यात काहींचे डोके फिरे. त्यातून 'डुलाली' हा शब्द इंग्रजीत गेला आणि वेडाचा पर्याय म्हणून इंग्रजी शब्दकोशात बसला. रिकाम्या बसलेल्या गोऱ्याचे वेड कोशात नोंदले गेले. त्याच्या खाली राबणाऱ्याची नोंद कुठे झाली? त्याची पखाल भरणारा, त्याचा संडास साफ करणारा, त्याच्या घोड्याला खरारा करणारा, त्याच्या मेसमधली भांडी घासणारा हा माणूस कोण होता? भगूर, देवळाली, नाशिकरोड या पट्ट्यातील गावकुसाबाहेरची वस्तीच त्यात मोठ्या प्रमाणावर होती. छावणी म्हणजे रोख पगार. पाटलाच्या खळ्यावर पेंढी मागण्यापेक्षा महिन्याला नाणी मोजून घेणे हा फरक लहान नव्हता.

लष्कराच्या भाषेत अशा माणसाला 'फॉलोअर' म्हणत, म्हणजे मागून येणारा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून परदेशी आणि सरहद्दीवर गेलेल्या माणसांत सुमारे साडेपाच लाख लोक हे असे बिनबंदुकीचे होते. कूली, खेचरवाले, भिस्ती, झाडूवाले. मेसोपोटेमियातील मोहिमेचा इतिहास लिहिताना मराठा पलटणींचा कुत-अल-अमाराचा वेढा आणि १९१६ च्या एप्रिलमधील शरणागती यांचे वर्णन येते, आणि ते यावे. त्या पलटणींच्या मागे मैला वाहणारा जो माणूस वेढ्यात तितकाच उपाशी होता, तो मात्र आकड्यातच राहतो.

आणि येथे आपण आपल्याही पदराखालचे पाहिले पाहिजे. आपण 'महार पलटण' म्हणून छाती फुगवतो. पण छावणीतील मेहतर, भिस्ती, मांग, चांभार यांचे युद्धातील काम आपल्याही लेखांत येत नाही. बंदूक धरली तोच सैनिक, हा निकष आपण कुणाकडून उचलला याचा विचार व्हायला हवा.

महाराच्या हातातील बंदूक तरी कायमची होती का? कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात महार मोठ्या संख्येने होते. पलटणीत शिपायाला आणि त्याच्या मुलांना लिहिणे-वाचणे मिळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १८९२ च्या सुमारास सरकारने 'लढाऊ जमाती'चे शास्त्र काढले आणि महारांची भरती बंद केली. ज्या माणसांनी हे राज्य उभे करताना रक्त दिले ती एका फर्मानाने 'न लढणारी' ठरली. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर, ज्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले, त्यांनी १८९४ साली या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. सरकार हलले नाही. सरकार हलले ते माणसे कमी पडू लागल्यावर. १९१७ च्या जूनमध्ये १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपले, काम संपले. १९२१ साली ती मोडली गेली. गरज सरो आणि वैद्य मरो हे इंग्रजांना मराठीतून शिकवावे लागले नाही.

परंतु मोडलेल्या पलटणीतून घरी आलेला माणूस आणि पलटणीत गेलेला माणूस एकच नसतो. याचा पुरावा नाशकातच आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची जी मिरवणूक निघाली तिचे वर्णन वाचताना माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाचे लक्ष एका तपशिलावर अडते. सुमारे पंधरा हजार लोकांच्या त्या मिरवणुकीच्या अग्रभागी लष्करी धर्तीचे संगीत जाणणारा बँड होता. त्यामागे स्काउट, त्यामागे पाचशेच्या आसपास स्त्रिया, आणि मग शिस्तीने चालणारे पुरुष. मैलभर लांबीच्या रांगेत पावले मोजून चालणे हे काही कीर्तनातून येत नाही. कवायत आम्हाला सरकारने शिकवली होती, सरकारसाठी शिकवली होती; आम्ही ती रामाच्या बंद दारापुढे नेली. १९२७ साली मुंबईत उभे राहिलेले समता सैनिक दलही त्याच कवायतीचे अपत्य. दलाचे नावच पाहा, त्यात 'सैनिक' आहे.

दार उघडले नाही. सत्याग्रह १९३५ पर्यंत रेंगाळला आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला याच जिल्ह्यातील येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. पुढे दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, डॉ. मुंजे यांची भोसला लष्करी शाळा नाशकात सुरू झाली. देवळालीला लागून असलेले भगूर हे सावरकरांचे जन्मगाव, आणि 'हिंदूंचे सैनिकीकरण' ही त्यांची त्या काळातील मोठी हाक. देवळात न घेता सैन्यात घ्यायला तयार असलेला हा हिंदूपणा आमच्या माणसांना कसा दिसला असेल? बाबासाहेबांना सैन्य हवे होते ते या अर्थाने नाही. त्यांच्या दृष्टीने लष्कर ही सरकारी नोकरी होती, पगाराची, दर्ज्याची आणि सत्तेची जागा होती. ती जन्मावरून बंद ठेवणे म्हणजे पाणवठा बंद ठेवण्यासारखेच होते. १९४० च्या 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये त्यांनी सैन्याची जातवार आणि धर्मवार रचना मांडून दाखवली आहे. बंदूक कुणाच्या हातात आहे याचा हिशेब ठेवणारा हा माणूस होता.

आता १९४१. माझ्या मते नाशिक जिल्ह्याच्या युद्धेतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वर्ष हे आहे, आणि ते कोणत्याही फलकावर नव्हते.

त्या वर्षीच्या जुलैत व्हाइसरॉयने नेमलेल्या संरक्षणविषयक मंडळावर बाबासाहेबांची नेमणूक झाली. १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, पाठोपाठ कामठीला दुसरी. त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. जुलै आणि ऑक्टोबर या दोन तारखा आपल्या पुस्तकांत असतात. त्यांच्या मधली तारीख पुस्तकांत असली तरी आपल्या भाषणांत नसते. १९४१ च्या ऑगस्टच्या मध्यावर सिन्नरला महार, मांग आणि वेठिया यांची परिषद भरली. विषय युद्ध नव्हता. विषय होता वतनाच्या जमिनीवर सरकारने वाढवलेला कर. याआधी १९३९ च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यातील हरेगावला वतनदारांची अशीच मोठी परिषद झाली होती. सिन्नरला बाबासाहेबांनी करबंदीची भाषा वापरली.

ज्या सरकारच्या संरक्षणमंडळावर आपण बसलो आहोत त्याच सरकारला कर देऊ नका असे भर युद्धात सांगणारा पुढारी 'ब्रिटिशधार्जिणा' कसा, हा प्रश्न बाबासाहेबांवर तो शिक्का मारणाऱ्यांनी एकदा सिन्नरच्या वेशीत उभे राहून स्वतःला विचारावा. नाझींचा पराभव झाला पाहिजे ही त्यांची भूमिका स्पष्ट होती. पण तुमच्या युद्धाला माणसे देऊ आणि तुमच्या वेठीला नकार देऊ, ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात म्हणता येतात हे त्यांनी दाखवून दिले.

वतन म्हणजे नेमके काय हे आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागते, म्हणून थोडे थांबतो. १८७४ च्या वतन कायद्याने महाराकडे आलेली सेवा ही ठरावीक तासांची नोकरी नव्हती. गावाचे दफ्तर तालुक्याला पोचवणे, सारा नेणाऱ्याबरोबर पहारा करत जाणे, साहेबाच्या मुक्कामाला लाकूडफाटा पुरवणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेले ढोर ओढणे. रात्र असो, पाऊस असो. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि बलुत्याचे धान्य. यातली सर्वांत क्रूर गोष्ट बाबासाहेबांनी १९२८ च्या आपल्या वतन विधेयकाच्या निमित्ताने कायदेमंडळापुढे ठेवली होती : पाळीवरचा महार गावात नसला तर त्याचा बाप, नाहीतर घरातला दुसरा कुणी, कामाला जुंपला जातो. म्हणजे वतनाची सेवा एका माणसावर नव्हती, घरावर होती.

हे ध्यानात घेतले की युद्धकाळाचे चित्र पालटते. गावातला मराठा तरुण पलटणीत गेला तर त्याच्या घरचे एक माणूस युद्धाला गेले. महार तरुण पलटणीत गेला तर त्याच्या घरचे एक माणूस युद्धाला गेले आणि त्याच्या जागी दुसरे वेठीला गेले. बंदूकही आम्हीच उचलली, आणि ज्याने बंदूक उचलली त्याच्या वाट्याचे दफ्तरही आम्हीच.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या आजीचे वडील १९४२ साली महार पलटणीत भरती झाले. गाव सिन्नर तालुक्यातले. आजी तेव्हा सहा वर्षांची. तिचे वडील दूर वायव्य सरहद्दीवर होते आणि इकडे साठी उलटलेला तिचा आजा पुन्हा येसकराची काठी घेऊन चावडीवर बसला होता. त्याला गुडघ्यांनी चालवत नसे. मग तालुक्याला जायचे असले की आजीची आई दफ्तराचे गाठोडे डोक्यावर घेऊन पुढे आणि म्हातारा नावाला मागे, अशी वरात निघे. कायद्याने सेवा पुरुषाची, डोके बाईचे. आजी सांगे, "माझा बाप सरकारची बंदूक वाहत व्हता अन् माझी माय सरकारचं दप्तर. पगार बापाचाच यायचा." महिन्याला पंचवीस दिवस आजीच्या आईने जे ओझे वाहिले त्याची पावती कुठल्याही कचेरीत निघणार नाही. स्वतः शिकलेला पहिला माणूस मी; माझ्याआधी हे लिहून ठेवणारे घरात कुणी नव्हते.

आजीच्या आठवणीतली दुसरी गोष्ट धान्याची. युद्धाच्या मधल्या वर्षांत बलुत्याच्या पेंढ्या लहान होत गेल्या असे ती सांगे. लहानपणी मला ते म्हातारीचे रडगाणे वाटे. पुढे अर्थशास्त्राचे पुस्तक हातात आले तेव्हा पेंढी का लहान झाली ते कळले, आणि कळून गंमत वाटली, कारण त्याचे मूळ आमच्या नाशिकरोडलाच होते. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात. युद्धात ब्रिटनने हिंदुस्थानकडून माल आणि सेवा उचलल्या त्यांची किंमत लंडनच्या खात्यात पौंडांत जमा होई आणि त्या पौंडांच्या आधारावर इकडे नोटा निघत. १९३९ साली दोनशे कोटींच्या आत असलेले नोटांचे चलन १९४५ पर्यंत अकराशे कोटींच्या वर गेले. एक रुपयाची नोट १९४० मध्ये परत आली, दोन रुपयांची १९४३ मध्ये नव्याने निघाली. नोटा पाच-सहापट, धान्य तेवढेच. भाव चढले. ज्याच्याकडे विकायला धान्य होते त्याला युद्ध लाभले. पेंढीला बाजारात भाव आल्यावर ती महाराला फुकट द्यायची कशाला, असे खळ्याच्या मालकाला वाटले तर त्यात नवल काय? कंट्रोलचे कापड, घासलेटासाठी रांग, हे सर्वांच्याच वाट्याला होते. पण ज्याची मजुरीच दुसऱ्याच्या मर्जीवर मोजली जात होती त्याने युद्धाचा खर्च पेंढीपेंढीने भरला. यालाही घरच्या आघाडीवरचे योगदान म्हणायचे की नाही? फंडाला हजार रुपये देणाऱ्या सावकाराचे नाव गॅझेटात येते. लहान झालेल्या पेंढीचे येत नाही.

पलटणींनी काय केले हे सांगताना मला अतिशयोक्ती करायची नाही. पहिली आणि तिसरी पलटण सरहद्दीवर होती. दुसरी ब्रह्मदेशात गेली आणि युद्धानंतर इराकमध्ये राहिली. काही काळ महार पलटणी देशांतर्गत बंदोबस्ताच्या कामावर होत्या, आणि ही गोष्ट आपण टाळून पुढे जाऊ नये. १९४२ च्या ऑगस्टनंतर देशभर आंदोलन पेटले असताना बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाच्या मनात काय चालले असेल? तो सरकारचा पगारी होता आणि ज्या गावाने त्याला चावडीवर चढू दिले नाही त्याच देशाचा नागरिकही होऊ घातला होता. त्याला देशद्रोही म्हणणे सोपे आहे. त्याला क्रांतिकारक म्हणणे त्याहून सोपे आहे. मी दोन्ही म्हणत नाही. त्याला नोकरी हवी होती, आणि हातात झाडू सोडून दुसरे काही देणारे त्या वेळी दुसरे कोणी फारसे नव्हते.

बाबासाहेबांनी मात्र युद्धातून जे काढता येईल ते काढून घेतले. १९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धोपयोगी तांत्रिक प्रशिक्षणाचे वर्ग त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखल्या गेल्या आणि उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज माझ्यासारखा माणूस वर्गात उभा राहून शिकवतो त्याचा एक धागा या युद्धकाळातल्या फाइलीपर्यंत जातो. हे मिळाले ते मागितले म्हणून, आणि मागणाऱ्याला सरकारची अडचण कळत होती म्हणून.

आणि तरीही युद्ध संपल्यावर काय झाले? १९४६ च्या मे महिन्यात कॅबिनेट मिशनची योजना आली तेव्हा तीत अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकीय हक्कांना जागा नव्हती. पलटणींपैकी पंचविसावी मोडली, बाकीच्यांच्या मशीनगन पलटणी झाल्या. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला त्या जुलैत पुण्यात कायदेमंडळापुढे सत्याग्रह करावा लागला. १९२१ चीच पुनरावृत्ती होण्याच्या बेतात होती. फरक इतकाच की या वेळी मागे संघटना होती आणि रेजिमेंट शिल्लक राहिली.

आजीचे वडील १९४६ च्या हिवाळ्यात गावी आले. पत्र्याची ट्रंक, खाकी कांबळे आणि बूट. आठवड्यातच चावडीवरून निरोप आला की पाळी तुमच्या घराची आहे, म्हाताऱ्याला पुरे झाले, आता पोराने यावे. सरहद्दीवर चार वर्षे काढलेला माणूस दफ्तर घ्यायला गेला. बूट घालून गेला म्हणून गावात दोन दिवस कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी पाटलाने बूट काढून यायला सांगितले, आणि तो त्याच आठवड्यात देवळालीला कॅम्पात काम शोधायला निघून गेला. कायद्याने वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने, म्हणजे आणखी बारा वर्षांनी. तोपर्यंत दफ्तर पुन्हा आजीच्या आईच्या डोक्यावर होते.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला ती आता पदव्युत्तर वर्गात आहे आणि सिन्नर तालुक्यातील गावांत फिरून म्हाताऱ्या माणसांशी बोलते आहे. पलटणीत कोण होते एवढेच न विचारता, तो गेल्यावर त्याची पाळी कुणी केली, हेही विचार, असे मी तिला सांगितले आहे. पहिल्या प्रश्नाला लोक लगेच नाव सांगतात. दुसऱ्या प्रश्नाला आधी गप्प होतात, मग बहुधा बाईचे नाव निघते. ज्यांच्या घरात लष्करातून सुटल्याचा दाखला असेल, वतनाच्या जमिनीची जुनी पट्टीपावती असेल, किंवा देवळालीच्या कॅम्पातला बिल्ला असेल, त्यांनी तो निदान वही काढून उतरवून ठेवावा. आमच्या ट्रंकेच्या तळाशी अशी एक पावती निघाली. शाई उडाली आहे, पण आकडा अजून वाचता येतो.